तराजूचा पासंग



सराफाकडे गेलो म्हणजे आपण सोन्याच्या भावाइतकेच तराजूकडेही लक्ष देतो. एकच अंगठी दोनदा तोलून दोन वजने आली, तर आपण दुकानाची पायरी उतरू. पण शाळेतून 'आत्मविश्वास कमी' असा शेरा मारलेला मुलाचा कागद घरी येतो, तेव्हा त्या तराजूचा पासंग पाहावा, असे आपल्याला सुचत नाही. तो कसा पाहावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

एक प्रसिद्ध तराजू घेऊ. मॉरिस रोझेनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाची आत्मसन्मानाची श्रेणी १९६५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी न्यूयॉर्क राज्यातील दहा हायस्कुलांतील पाच हजारांवर विद्यार्थ्यांची उत्तरे घेतली होती. विधाने अवघी दहा. पाच स्वतःला अनुकूल, पाच प्रतिकूल.

अशा श्रेणीची विश्वसनीयता मुख्यतः दोन रीतींनी पाहतात. एक, त्याच मुलांना काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली देऊन दोन्ही वेळचे गुण जुळतात का हे पाहणे. दुसरी, एकाच वेळच्या उत्तरांचा आपसांत मेळ बसतो का हे तपासणे. या मेळासाठी क्रॉनबाख यांनी १९५१ साली मांडलेला 'अल्फा' हा अंक आज सर्वत्र वापरतात. तो एकाच्या जितका जवळ, तितका मेळ अधिक.

समजा, एका चाचणीची विश्वसनीयता ०.८४ आहे. आपण म्हणू, 'वा! हा तर पहिला वर्ग!' पण थोडा हिशेब करा. एकातून ०.८४ वजा केले, उरले ०.१६, त्याचे वर्गमूळ ०.४. वर्गातील गुणांचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, १५ असेल, तर चूक निघाली सहा गुणांची. तेच मूल पुन्हा पुन्हा चाचणीस बसवले, तर तीनपैकी सुमारे दोनच वेळा त्याचे गुण खऱ्या गुणांच्या सहा मागेपुढे राहतील. एरवी त्याहूनही दूर जातील. मग ९२ वर रेघ मारून ९०चा मुलगा 'दुबळा' आणि ९४ची मुलगी 'खंबीर' ठरवणे, हा कोणता न्याय?

आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी. एकच प्रश्न शब्द फिरवून दहा वेळा विचारला, तरी अल्फा फुगतो. आणि रोज नेमके दहा मिनिटे मागे असणारे घड्याळ नियमित असते, पण गाडी चुकवतेच! विश्वसनीयता म्हणजे यथार्थता नव्हे.

शिवाय न्यूयॉर्कमध्ये काढलेला अंक आपल्या गावात चालत नाही. प्रतिकूल विधान नाकारण्यासाठी 'असहमत'वर खूण करावी लागते. नकाराच्या या नकारात नववीतला मुलगा सहज गोंधळतो, आणि भाषेची अडचण मनाचा दोष म्हणून नोंदली जाते. म्हणून भाषांतर झाले की तराजू नव्याने पारखला पाहिजे.

या चाचण्या टाकाऊ आहेत, असे माझे म्हणणे नाही. मोठ्या समूहाचा अभ्यास करताना चुका बऱ्याच अंशी एकमेकींना छेदतात. एकट्या मुलाच्या वाट्याला मात्र त्याची चूक पूर्ण येते. तेव्हा असा कागद घरी आला, तर शाळेत जाऊन दोन प्रश्न विचारा: 'ही चाचणी आमच्या मुलांवर, आमच्या भाषेत पारखली आहे काय? आणि या अंकात मागेपुढे किती धरावे?' उत्तर मिळेपर्यंत तो शेरा मुलाला ऐकवू नका. अंगठी पुन्हा तोलता येते. पंधराव्या वर्षी मनावर बसलेला शिक्का सहजी पुसत नाही.