जाब कोण विचारतं?



इराणमध्ये 1979च्या क्रांतीनंतर पडद्यावर नवरा-बायकोनं एकमेकांना साधा हात लावायचीही सोय उरली नाही. राग, लोभ, संशय, सगळा भार संवादांवर आला. म्हणून घरात कुणाचं किती चालतं, हे तिथल्या सिनेमात कानांनी ओळखायचं. रेडिओवाल्यांना ते सोपंच!

तुलनेसाठी क्रांतीआधीचा, 1969चा मसूद किमियाईंचा 'कैसर' घ्या. अत्याचारानंतर बहीण जीव देते. तिची बाजू कळते ती मागे ठेवलेल्या चिठ्ठीतून. पुढचं बोलणं आणि सूड, दोन्ही भावांकडे.

दारियुश मेहरजुईंच्या 'लैला'त (1997) बाईचा आवाज आहे, पण तो सासूचा. मूल होत नाही ना, मग तूच त्याचं दुसरं लग्न लावून दे, असा तिचा सुनेमागे लकडा. नवरा मूल नको म्हणतो, पण आईपुढे ठाम उभा राहत नाही. लैलाच्या मनातलं आपल्याला ऐकू येतं, घरच्यांना नाही.

किआरोस्तामींच्या 'टेन'मध्ये (2002) बाई तेहरानमध्ये मोटार चालवते आणि शेजारी बसलेला तिचा शाळकरी मुलगा घटस्फोटावरून तिच्यावर खेकसतो. बराच वेळ कॅमेरा त्याच्यावरच. आईचा नुसता आवाज. ती हटत नाही, पण हुकमत गाजवायची ढब त्या एवढ्याशा पोराला आयतीच मिळालेली!

असगर फरहादींचा 'अ सेपरेशन' (2011) कोर्टातच सुरू होतो. न्यायाधीश दिसत नाही, त्याच्या जागी कॅमेरा. मुलीला या परिस्थितीत वाढवायचं नाही, असं बायको, सिमीन, म्हणते. कसली परिस्थिती, असा प्रश्न येतो आणि एवढी तडफेनं बोलणारी सिमीन गप्प होते. सेन्सॉर असलेल्या देशात प्रेक्षक ते गप्प बसणंही नीट ऐकतात. पण मला त्याहून मोठा वाटतो तो पुढचा प्रसंग. कामाला येणारी बाई गरोदर आहे हे तुम्हाला ठाऊक होतं का, असं तिची अकरा वर्षांची मुलगी तेरमेह वडिलांना, नादेरला, विचारते. नादेरला कबूल करावं लागतं. 'कैसर'मधल्या बहिणीला हयातीत कुणाला असा जाब विचारता आला नव्हता.

बायका जास्त बोलू लागल्या, एवढ्यानं माझं समाधान होत नाही. पुरुषांना उत्तर देणं भाग पडतंय का, ते मी पाहते. लेकीपुढे नादेरला ते भाग पडलं. इराणच्या नागरी कायद्यात मात्र घटस्फोटाचा मुख्य अधिकार आजही नवऱ्याकडेच आहे.