ग्रामसभा जागी, तर लोकशाही जागी



पाच वर्षांतून एकदा रांगेत उभे राहावे, बोटाला शाई लावून घ्यावी आणि घरी परतावे, एवढ्यावर नागरिकाचे कर्तव्य संपते काय, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १ मे १९६० रोजी राज्याची स्थापना झाली आणि त्याच वर्षी वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम सिद्ध झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीमुळे २४ एप्रिल १९९३ पासून पंचायतींना घटनात्मक स्थान लाभले. सत्ता राजधानीतून जिल्ह्यात आली आणि जिल्ह्यातून गावात आली. ती चावडीपर्यंत येऊन थांबली, की सामान्य माणसाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचली, याची पारख मात्र ग्रामसभेतच होते.

ग्रामपंचायतीत निवडून आलेले सदस्य बसतात. ग्रामसभेत गावाच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती सदस्य असते; त्यासाठी निवडणूक लढवावी लागत नाही की कोणाची शिफारस आणावी लागत नाही. विकास आराखड्यास मान्यता देणे, वैयक्तिक लाभाच्या योजनांसाठी लाभार्थी निवडणे, झालेल्या खर्चाचा हिशेब विचारणे ही कामे कायद्याने या सभेकडे सोपविली आहेत. विधानसभेत आणि लोकसभेत नागरिकाच्या वतीने त्याचा प्रतिनिधी बोलतो. ग्रामसभेत तो स्वतः बोलतो.

एवढा मोठा अधिकार असलेल्या या सभेची सतरंजी अनेक गावांत निम्मीअधिक रिकामी राहते, हे कटू असले तरी सत्य आहे. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती झाली की गणपूर्ती होते. म्हणजे दोन हजार मतदारांच्या गावात वीसांतील एकाने यावे, एवढीच अपेक्षा आहे. तेवढेही लोक जमले नाहीत, तर सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही. अशा वेळी मूठभर माणसांनी केलेला ठराव साऱ्या गावाचा ठराव म्हणून इतिवृत्तात नोंदला जातो. घरकुलाच्या यादीतून एखाद्या निराधार विधवेचे नाव सुटले, तर ते तेथेच कोणीतरी उठून सांगावयाचे असते. सांगणारा सभेला आलाच नाही, तर यादी कायम होते आणि तिचे छप्पर आणखी काही पावसाळे गळत राहते.

गैरहजेरीचे सारे खापर नागरिकांच्या उदासीनतेवर फोडणेही न्यायाचे होणार नाही. ऐन कामाच्या वेळी सभा भरली, तर मजुराची रोजी बुडते. नोटीस कार्यालयाच्या फलकावरच राहिली, तर वाडी-वस्तीपर्यंत वार्ता जात नाही. ज्याच्या शेतात उद्या कामाला जायचे, त्याच्याच तोंडावर प्रश्न विचारण्याचे धैर्य एकट्यादुकट्याला होत नाही. म्हणून सभेची वेळ लोकांच्या सोयीची असावी, दवंडी प्रत्येक वस्तीत फिरावी, हिशेब सर्वांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवावा. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद याच हेतूने झाली आहे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. मात्र सभेत समोर बसलेल्या भगिनी बोलत्या झाल्या, तरच व्यासपीठावरील भगिनीच्या शब्दाला बळ येईल.

लोक एकत्र बसले म्हणजे काय घडते, याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे धानोरा तालुक्यातील लहानसे गोंड गाव. तेथे बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत रुजली; अभ्यासगटात विषय समजून घ्यावा आणि मग ग्रामसभेत ठरवावे, असा शिरस्ता पडला. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. वर्षानुवर्षे एकत्र बसण्याची सवय नसती, तर एवढा हक्क मिळवणे आणि सांभाळणे या गावाला कठीण गेले असते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे अवर्षणग्रस्त गाव. पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात तेथे चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान हे गावाचे नियम झाले. पाऊस किती पडला आणि विहिरींत पाणी किती आहे, याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडून पिके ठरविण्याची प्रथा पडली. सिंचनासाठी कूपनलिका न घेण्याचा निर्बंध गावाने स्वतःच स्वतःवर घालून घेतला. वरून आलेला हुकूम माणूस चुकवू पाहतो. स्वतः हात वर करून केलेला ठराव मोडताना तो शेजाऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊ शकत नाही.

२०१५ पासून वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतींकडे येऊ लागला आणि ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमात गावाचा आराखडा गावानेच करावयाचा आहे. पैसा गावात आला आहे, अधिकारही आला आहे. आता माणसांनी यावयाचे आहे. पुढच्या ग्रामसभेची दवंडी कानी पडेल, तेव्हा घरटी एक पुरुष आणि एक स्त्री जरी सभेला निघाली, तरी गणपूर्तीची चिंता कोणत्याही गावाला उरणार नाही आणि कोणत्याही यादीतून गरिबाचे नाव गुपचूप गळणार नाही.