जाणाऱ्याने काय देऊन जावे?

(बारामती येथील व्याख्यानाचा मजकूर)



ऊस कोणाला घालायचा, हा प्रश्न बारामती आणि इंदापूर तालुक्यांना नवा नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती यांच्या पंचक्रोशीत वाढलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला झोनबंदी हा शब्द ठाऊक आहे. १९८४ सालच्या आदेशान्वये कारखान्यांची क्षेत्रे राखून ठेवण्यात आली होती आणि शेजारचा कारखाना टनाला अधिक भाव देत असला, तरी ऊस आपल्याच कारखान्याला घालावा लागे. १९९७ साली ही बंदी उठली. ती उठण्यापूर्वी जो वाद झडला, तो आज पुन्हा आठवण्याजोगा आहे. संचालक म्हणत, कारखाना कर्ज काढून उभा केला आहे; ऊस बाहेर गेला तर हप्ते कोणी फेडायचे? जे मागे राहतील त्यांनीच ना? शेतकरी म्हणे, हीच सबब पुढे करून तुम्ही आम्हांला बांधून ठेवता आणि भाव मात्र मनाला येईल तो देता. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे होते. मागे राहणाऱ्यावर बोजा पडतो, हे खरेच. पण त्या बोज्याचे कारण सांगून अकार्यक्षमतेवर पांघरूण घातले जाते, हेही तितकेच खरे.

हाच वाद आता विजेच्या क्षेत्रात उभा राहिला आहे.

बारामतीच्या घरगुती ग्राहकाला आज वीजपुरवठादार निवडता येत नाही. बारामती परिमंडलात पुरवठा करते ती एकटी महावितरण, आणि बिल येते तेही तिचेच. त्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशी नावे एकाखाली एक छापलेली असतात. गृहिणी शेवटचा आकडा पाहते आणि कागद बाजूला ठेवते. त्यात तिचा दोष नाही. हे बिल समजावे म्हणून छापलेलेच नाही. पण वहन आकार ही ओळ ध्यानात ठेवावी. तार एकाची आणि वीज दुसऱ्याची असू शकते, ही कल्पना तिच्यातच दडलेली आहे, आणि पुढची सारी कथा तिथूनच सुरू होते.

ब्रिटनमध्ये घरगुती ग्राहकाला १९९८-९९ पासून पुरवठादार बदलता येतो. ठराविक मुदतीचा आणि ठराविक दराचा करार मुदतीपूर्वी मोडला, तर अनेक कंपन्या निर्गमन शुल्क घेतात. मात्र करार संपण्यापूर्वीच्या शेवटच्या ४९ दिवसांत ते घेता येत नाही, असा तेथील नियामकाचा नियम आहे. वरवर पाहता हा व्यवहार सरळ वाटतो. कंपनीने तुमच्यासाठी वीज आगाऊ खरीदली, तुम्ही निघून गेलात, तेव्हा तिचा तोटा भरून द्या. पण २०२१ साली गॅसचे भाव भडकले आणि त्या देशातील जवळजवळ तीस पुरवठादार कंपन्या बंद पडल्या. पंधरा लाखांहून अधिक ग्राहक असलेली बल्ब ही कंपनीही त्याच वर्षी कोसळली. या कंपन्यांनी ग्राहकांना कोणते निर्गमन शुल्क दिले? काहीच नाही. उलट त्यांच्या पडझडीचा खर्च सर्व कुटुंबांच्या बिलांवर वाटून टाकण्यात आला. ग्राहक निघाला तर दंड, कंपनी निघाली तरी भुर्दंड ग्राहकालाच, असा हा न्याय आहे.

पण ब्रिटनपर्यंत जाण्याचे कारण नाही. याचा प्रयोग महाराष्ट्रातच झाला, आणि तो मुंबईत झाला.

मुंबईच्या उपनगरांत वीज पुरवणारी बीएसईएस ही कंपनी १९२९ सालची. पुढे ती रिलायन्सच्या ताब्यात गेली आणि २०१८ साली अदानींकडे आली. त्याच प्रदेशात टाटा पॉवरपाशीही वितरणाचा परवाना होता. पण तिने घरोघरी किरकोळ वीज विकावी की नाही, यावर अनेक वर्षे खटला चालला. ८ जुलै २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाटांच्या बाजूने निकाल दिला. प्रश्न उरला तारांचा. टाटांच्या तारा सर्वत्र नव्हत्या. तेव्हा राज्य वीज नियामक आयोगाने ऑक्टोबर २००९ मध्ये एक व्यवस्था घालून दिली: तार रिलायन्सचीच राहील, तिच्यावरून वीज मात्र टाटांची येईल. घरातील दिवा तोच, भिंतीतील तार तीच; बदलला तो केवळ बिलावरचा मालक. दरात फरक असल्याने ग्राहक निघाले.

प्रथम निघाले कोण, हे पाहिले पाहिजे. वीजदराची रचना अशी असते की थोडी वीज वापरणाऱ्याला ती खर्चापेक्षा स्वस्त मिळते आणि अधिक वापरणाऱ्याला खर्चापेक्षा महाग. ज्याच्याकडून जास्त घेतले जाते, त्याच्या जादा पैशावर झोपडीतला दिवा स्वस्तात जळतो. साहजिकच निघून जाण्यात ज्याचा फायदा, तो मोठ्या वापराचा ग्राहक. उरतो कोण? शंभर युनिटांच्या आतला. जादा पैसा देणारा गेला की मागे राहिलेल्यांचा दर वाढवल्यावाचून जुन्या कंपनीचा हिशेब जुळत नाही, आणि दर वाढला की आणखी काही जण निघतात. टाटा वेचून वेचून मोठे ग्राहक उचलतात, ही रिलायन्सची तक्रार होती. ती करणारी कंपनी गरिबांच्या कळवळ्याने ती करीत नव्हती, हे सांगणे नकोच! तरीही तक्रारीत तथ्य होते. २०१२ साली आयोगाने टाटांच्या नव्या बदलीग्राहकांवर मर्यादा घातली आणि महिना तीनशे युनिटांपर्यंतच्या घरगुती ग्राहकांपुरतीच वाट मोकळी ठेवली. विद्युत अपील न्यायाधिकरणाने २०१४ साली तो आदेश रद्द ठरवला, हा भाग निराळा.

दरम्यान जाणाऱ्यांवर दोन आकार बसले. त्यांना निर्गमन शुल्क असे कोणी म्हटले नाही. कायद्याच्या भाषेत अशी उघडी नावे नसतात. पहिला क्रॉस सबसिडी अधिभार. २००३ च्या वीज कायद्याच्या ४२ व्या कलमात तो आहे, आणि मुंबईत कंपनी बदलणाऱ्यांना तो २०११ पासून लागू झाला. ग्राहकाचा दर आणि त्याला वीज पुरवण्याचा खर्च यांतील फरकावर तो बेतलेला असतो. म्हणजे जो खर्चापेक्षा कमी देत होता, त्या छोट्या ग्राहकावर तो बसण्याचे कारणच नाही. मोठ्याने मात्र जाताना, आजवर तो जे सामाईक ताटात वाढत होता, त्याचा काही अंश वाढत राहिले पाहिजे. या दृष्टीने पाहता हा अधिभार दंड नव्हे. ते सामाईक संसाराचे देणे आहे.

दुसरा आकार अधिक गुंतागुंतीचा. २००९ साली रिलायन्सच्या दरवाढीविरुद्ध मुंबईत लोकक्षोभ उसळला आणि आयोगाला तिला स्थगिती द्यावी लागली. दर गोठले, खर्च गोठला नाही. न वसूल झालेली रक्कम वहीत मांडून ठेवण्यात आली. तिला नियामक मत्ता असे भारदस्त नाव आहे. साध्या मराठीत ती उधारी. २०१३ साली आयोगाने ती काही वर्षांत हप्त्याने वसूल करण्यास मान्यता दिली, आणि टाटांकडे गेलेल्या ग्राहकांनाही त्यातून सोडले नाही. ज्या वर्षी वीज जाळली, त्या वर्षाची उधारी शेजाऱ्याच्या माथी मारून निघून जाता येणार नाही, असा त्याचा अर्थ. तत्त्व म्हणून हे योग्यच होते. पण येथे छोट्या ग्राहकाला मोकळीक देणारी ती पहिली चाळणी नव्हती. शिवाय या उधारीतील किती भाग खरा खर्च आणि किती कंपनीच्या कारभाराचा दोष, हे चाळीतल्या माणसाने कोठे तपासावे?

आता बारामतीकडे वळू. येथे घर जाऊ शकत नाही, पण कारखाना जाऊ शकतो. एक मेगावॉट वा त्याहून अधिक मागणी असणाऱ्याला ओपन ॲक्सेसने बाहेरची वीज घेता येते, आणि २०२२ च्या केंद्रीय नियमांनी सौर-पवन विजेपुरती ही मर्यादा शंभर किलोवॉटवर आणली. म्हणजे औद्योगिक वसाहतीतील बडा कारखानाच काय, मध्यम कारखानाही आता उंबरठ्यावर उभा आहे. त्याच्यावर क्रॉस सबसिडी अधिभार बसतो. २०१६ च्या राष्ट्रीय दरधोरणाप्रमाणे तो त्याच्या दराच्या २० टक्क्यांहून अधिक असू नये. त्याशिवाय अतिरिक्त अधिभारही असतो. महावितरणने वीजनिर्मिती केंद्रांशी दीर्घ मुदतीचे करार केलेले असतात आणि वीज उचलली नाही तरी त्या केंद्रांचा स्थिर खर्च द्यावाच लागतो. हे महाराष्ट्राला नव्याने सांगावे लागू नये. १९९३ साली एन्रॉनशी करार झाला, १९९९ साली दाभोळची वीज आली आणि २००१ साली वीज मंडळाला तो करार मोडावा लागला. न वापरलेल्या विजेचे पैसे देण्याचा अर्थ या राज्याने त्या दोन वर्षांत पुरेपूर शिकून घेतला.

पण दार एवढेच नाही. मागचेही एक दार आहे. सौर प्रकल्पात २६ टक्के भागभांडवल घ्यावे, त्याची निदान ५१ टक्के वीज वापरावी, की कारखाना ‘स्वतःच्या वापरासाठी निर्मिती करणारा’ ठरतो. अशा ग्राहकाला कायद्यानेच क्रॉस सबसिडी अधिभार माफ आहे. आणि डिसेंबर २०२१ मध्ये महावितरण व जेएसडब्ल्यू स्टील यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अतिरिक्त अधिभारही त्याला लागू नाही असे सांगितले. न्यायालयाने कायदा वाचला, त्याला बोल लावता येत नाही. पण परिणाम काय? ज्याच्यापाशी भांडवल आहे, तो काहीही न देता जातो. इंदापूरच्या बाजारपेठेतील पिठाच्या गिरणीवाल्यापाशी २६ टक्के काय, दोन टक्के भागही घेण्याइतके भांडवल नसते. तो राहतो, आणि गेलेल्याचा वाटा त्याच्या दरात येतो.

शेतीपंपांचा प्रश्न याच गाठीत आहे. उजनीच्या फुगवट्यावर आणि निरेच्या कालव्यावर हजारो पंप चालतात. २०२४ साली राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर केली. वीज मोफत झाली, तरी तिचा खर्च संपला नाही. तो काही सरकारी अनुदानातून आणि काही इतर ग्राहकांच्या दरातून येतो. बडे ग्राहक निघून गेले की अनुदानाचा आकडा फुगणार, आणि अनुदान थकले की पहिली गदा पंपावरच येणार. येथे महावितरणलाही जाब विचारला पाहिजे. मीटर नसलेल्या पंपांच्या नावावर गळती आणि चोरी खपवली जाते, हा आक्षेप जुना आहे आणि तो निराधार नाही. अधिभार घ्यायचा असेल, तर तो ढिसाळपणाची भरपाई म्हणून घेता येणार नाही. झोनबंदीच्या काळी काही संचालकांनी हेच केले होते.

तरीही, अधिभारच नको, ग्राहकाला मोकळे सोडा, म्हणजे स्पर्धेने सगळे स्वस्त होईल, हा जो सूर दिल्लीतून निघतो, त्यापासून सावध राहिले पाहिजे. २०२२ सालचे वीज दुरुस्ती विधेयक एकाच तारेवरून अनेक कंपन्यांना वीज विकू देणारे होते. ते स्थायी समितीकडे गेले आणि लोकसभेच्या मुदतीबरोबर २०२४ साली बारगळले. भांडुप, ठाणे, नवी मुंबई परिसरात अदानी समूहाने समांतर परवाना मागितला, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्रातील वीज कामगार संपावर गेले आणि सरकारला त्याच दिवशी बोलणी करावी लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने प्रसृत केलेल्या नव्या मसुद्यात सामाईक तारांची कल्पना पुन्हा आली आहे. कारखाने आणि रेल्वे यांच्यावरील क्रॉस सबसिडीचा भार पाच वर्षांत संपवावा, असेही त्यात म्हटले आहे. आज गरिबाच्या दिव्यात भर घालणारा पैसा ज्यांच्याकडून येतो, त्यांनाच त्यातून सोडवायचे. मग भर कोण घालणार, याबद्दल सरकारी अनुदानाकडे बोट दाखवले जाते. ते अनुदान वेळेवर कसे येते, हे साखर कारखान्यांच्या थकहमीचा इतिहास पाहिलेल्या तालुक्याला सांगावयास नको.

छपरावरच्या सौर तावदानांनी आता घरालाही अर्धे दार उघडून दिले आहे. २०२४ पासून केंद्राचे अनुदान वाढल्याने बंगलेवाला दिवसा स्वतःची वीज वापरतो आणि रात्री त्याच सरकारी तारेवर विसंबतो. तारेचा खर्च तो पूर्वीइतका देत नाही. दहा किलोवॉटपर्यंतच्या ग्राहकाला आयोगाने २०२० च्या दरआदेशात यासाठीच्या वेगळ्या आकारातून वगळले. तीन किलोवॉटच्या छपराला ही सवलत हवीच; दहा किलोवॉटचे छप्पर मात्र सामान्य माणसाचे नसते. ज्याला स्वतःचे छप्परच नाही, त्या भाडेकरूच्या बिलावर वहन आकार तसाच राहतो.

तेव्हा मागणी नेमकी केली पाहिजे. जाण्याचे शुल्क वापराच्या प्रमाणात चढते असावे. तीनशे युनिटांखालच्या घराकडून एक पैसाही घेऊ नये. भांडवलाच्या जोरावर मागच्या दाराने जाणाऱ्याला सूट असू नये. जमा झालेली रक्कम कंपनीच्या नफ्यात न जाता कमी वापराच्या दरात थेट वळती व्हावी, आणि वर्षाकाठी किती जमा झाली ते प्रत्येक बिलाच्या पाठीवर मराठीत छापावे. वीज कायद्याच्या ६४ व्या कलमाप्रमाणे दर ठरवण्यापूर्वी लोकांच्या हरकती विचारात घेणे आयोगावर बंधनकारक आहे. परिमंडलाचे ठाणे बारामतीत आहे, तर पुढच्या दरनिश्चितीची एक सुनावणीही येथेच व्हावी, यासाठी दोन्ही तालुक्यांतील ग्रामसभांनी ठराव करून ते आयोगाकडे पाठवावेत.