यंत्रहाताचे नोझल

श्रोतेहो, ट्रॉलीचा मोडका सांधा जोडताना वेल्डिंगचा रॉड जळतो, ते आपण पाहिलेच असेल. रॉडवरचा लेप जळून वायू होतो आणि वितळलेल्या लोखंडाला हवा लागू देत नाही. निरांजनाला पदराचा आडोसा असावा तसा.

चाकणकडच्या मोटार कारखान्यांत यंत्रहात बिनलेपाची तार वापरतात. तेथे हा आडोसा आर्गॉन व कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणाचा. ते मिश्रण सांध्यावर सोडणारी तांब्याची आखूड नळी म्हणजे नोझल.

आता तांबे १०८५ अंशांना वितळते आणि विजेची ज्योत तर त्याहून कितीतरी तप्त! म्हणून जड कामाच्या टॉर्चमध्ये पाणी खेळवतात. पुष्कळ टॉर्चमध्ये ते नोझलमध्ये शिरत नाही. नोझलची बैठक तेवढी गार राखते. नोझल सैल बसले, की उष्णता बैठकीत उतरत नाही, आणि तापल्या तांब्याला लोखंडाचे उडते कण घट्ट चिकटतात. वायूची वाट अडते, हवा घुसते, सांध्यात बारीक भोके पडतात. काहीजण अशा वेळी वायूच वाढवतात. हे तर उलटेच! जोराच्या झोताने भोवरे होतात नि हवा आणखी आत ओढली जाते.

कारागीर आवाजावरून ओळखतो, थांबतो, नोझल साफ करतो. यंत्रहाताला कुठले सोयरसुतक? तो तसेच सांधे जोडत राहतो, वरून नीटस, आतून सच्छिद्र. आणि त्यांतला एखादा चाकाच्या आधाराचाही असतो. म्हणून ठरावीक कामानंतर त्याला सफाईच्या ठाण्यावर पाठवतात. तेथे फिरते पाते नळी खरवडते, कण चिकटू नयेत म्हणून द्रवाचा फवारा मारतात. पाते मात्र नोझलच्या मापाचेच हवे, नि ते माप माणसानेच पाहून घ्यायचे.