सायकल, कुत्रा आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा मी ते हसण्यावारी नेले. आपल्या सभेत आजवर आहारावर बोलणे झाले, बचतीवर झाले, काशीयात्रेवर झाले. त्या पंक्तीला 'सायकलीबरोबर कुत्रा कसा न्यावा' हे पान कुठे मांडायचे? पण त्यांचे कारण खरे होते. गेल्या महिन्यात आपल्याच गल्लीतला सातवीतला एक मुलगा कुत्र्याचा पट्टा हँडलला गुंडाळून निघाला आणि कोपऱ्यावर तोंडघशी पडला. पुढचे दोन दात गेले. दुसऱ्या दिवसापासून "हे प्रकार बंदच करा" अशी भाषा सुरू झाली आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. कारण हे वेड गल्लीत आणले ते मीच. तेव्हा आजचे माझे बोलणे म्हणजे थोडी माहिती आणि बरीचशी कबुली आहे, असे समजा.

आपले पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. इथे बसलेल्या कितीतरी जणी सायकलीवरूनच शाळा-कॉलेजात गेल्या आहेत. मीही त्यांतलीच, पण संसारात सायकल सुटली ती सुटलीच. पन्नाशीला डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, त्याच सुमारास मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला आणि जाताना मोत्याला माझ्या पदरात टाकून गेला. मोत्या साधा गावठी कुत्रा, तेव्हा दोन वर्षांचा. त्याला नुसते चालवून आणले तर घरी येऊन चपला फाडी. मनात म्हटले, सायकल काढावी. माझा व्यायाम होईल आणि त्याचेही पाय मोकळे होतील.

पहिल्याच आठवड्यात मी तीच चूक केली, जी त्या मुलाने केली. पट्टा हँडलला गुंडाळला. समोरून मांजर आडवे गेले, मोत्याने उडी घेतली, हँडल काटकोनात फिरले आणि मी रस्त्यावर. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होते. पट्टा हातात धरला असता तरी फारसे निराळे झाले नसते. माझ्या सायकलीचा उजवीकडचा ब्रेक पुढच्या चाकाचा आहे. डावा हात पट्ट्यात अडकला, की घाईत फक्त पुढचाच ब्रेक दाबला जातो आणि मागचे चाक उचलून माणूस पुढे फेकला जातो.

यावर उपाय सोपा आहे. ओढ जितकी खाली बसेल, तितकी सायकल कमी डगमगते. म्हणून पट्टा हँडलला न बांधता सीटच्या खालच्या दांड्याला, शक्य तितका खाली जोडायचा. त्यासाठी स्प्रिंग बसवलेली एक दांडी विकत मिळते. कुत्र्याने हिसका दिला, तर बराचसा स्प्रिंग सोसते. शिवाय कुत्रा चाकापासून हातभर लांब राहतो, त्याचा पाय आऱ्यांत जात नाही. जोड मात्र असा हवा, की अडचणीच्या वेळी एका हाताने चटकन सोडवता येईल. आणि कुत्र्याच्या गळ्यात नुसता पट्टा नको. छातीवरून आणि पाठीवरून जाणारा छातीपट्टा हवा. गळपट्ट्याला हिसका बसला तर तो थेट श्वासनळीवर बसतो.

हा काही जगावेगळा उद्योग नव्हे. जर्मनीच्या वाहतूक नियमांत मोटारीतून किंवा फटफटीवरून कोणतेही जनावर हाकत नेण्यास मनाई आहे. सायकलीवरून मात्र कुत्रा, आणि फक्त कुत्राच, नेता येतो. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून कुत्रा नेहमी आपल्या डाव्या हाताला असावा. रहदारी आणि कुत्रा यांच्यामध्ये आपण असावे.

मनगट बरे झाले, दांडी आली, आणि आम्ही दोघे कालव्याकाठच्या रस्त्याने जाऊ लागलो. मला वाटले, आता सगळे कळले. खरी चूक तर पुढेच होती.

ते एप्रिलचे दिवस होते. चैत्राच्या हळदीकुंकवाच्या तयारीत आदल्या रात्री जागरण झाले आणि सकाळी सहाऐवजी साडेआठला बाहेर पडले. मोत्या नेहमीसारखा माझ्या चाकाबरोबर धावत होता. मधून मधून मान वळवून माझ्याकडे बघे, आणि मला वाटे, काय मजेत आहे! परतताना तो थोडा मागे पडला. मी म्हटले, "चल रे, आळशी!" त्याने ऐकले. पुन्हा चाकाला येऊन भिडला. घर दोन फर्लांगांवर राहिले असताना त्याचे मागचे पाय लटपटले आणि तो रस्त्यावर बसला तो उठेना. जीभ लांब, रुंद बाहेर आलेली, हिरड्या लालभडक, तोंडातून चिकट लाळ.

भगिनींनो, आपल्याला घाम येतो तसा कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. थोडासा पंजांच्या गाद्यांतून. बाकी सारी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. त्याचे नेहमीचे तापमान १०१-१०२ अंश फॅरनहाइट. ते १०६ च्या पुढे गेले की जीव धोक्यात येतो. त्यातून खाली तापलेले डांबर. हवा ३० अंश सेल्सिअस असली, तरी उन्हातले डांबर ५० च्या वर जाते. आपण चपला घालून सीटवर बसलेले. तो अनवाणी, आणि जमिनीपासून हातभर उंचीवर श्वास घेणारा.

समोरच्या घरातल्या आजींनी हाक मारली, त्यांच्या सुनेने बादली आणली. आम्ही त्याला सावलीत ओढले, सबंध अंगावर साधे गार पाणी ओतले, पोटाला आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला पुन्हा पुन्हा लावले, वहीने वारा घातला. तोंडात पाणी ओतले नाही. शुद्धीत नसलेल्या जनावराच्या फुप्फुसात ते जाते. मग रिक्षा करून डॉक्टरांकडे नेले. मोत्या वाचला. डॉक्टर मला एवढेच म्हणाले, "बाई, तो तुमच्यासाठी धावत होता. थांबायचे तुम्ही होते."

त्या वाक्याने मला रात्रभर झोप आली नाही. मूल दमले तर म्हणते, "आई, पुरे." बैलसुद्धा अडून बसतो. कुत्रा मात्र मालक पुढे आहे तोवर धावत राहतो, पडेपर्यंत. म्हणून या साऱ्या विषयाचे सार माझ्या मते एकच आहे: पुरे म्हणण्याचे काम आपले.

ते कसे ओळखावे, हे मी नंतर शिकले. निघण्यापूर्वी हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून सावकाश सात अंक मोजावेत. हात ठेववला नाही तर घरी परतावे. उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधीच जाऊन यावे. वेग कुत्र्याच्या दुडक्या चालीएवढा, म्हणजे ताशी १०-१२ किलोमीटरच्या आत. तो चौखूर उधळू लागला तर आपण फार जोरात आहोत. पहिल्या दिवशी पाच मिनिटे पुष्कळ झाली. मग आठवड्याला थोडे थोडे वाढवावे. दर थोड्या वेळाने थांबून पाणी द्यावे आणि पंजे उचलून पाहावेत. तो मागे पडला, तर उतरावे आणि चालत घरी यावे. तिथे "चल रे" म्हणू नये.

सर्वच कुत्र्यांना हे मानवतही नाही. चपट्या नाकाच्या पगसारख्या कुत्र्यांना धाप पुरत नाही, त्यांना सायकलीबरोबर नेऊच नये. मोठ्या जातीच्या पिलांची हाडे वर्ष-दीड वर्षापर्यंत कच्ची असतात. जेवल्यावर किमान दोन तास धाववू नये. मोठ्या छातीच्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडून ती दगावतात. आणि नवा कुत्रा असेल तर आधी सायकल नुसती हातात धरून त्याच्याबरोबर चालावे, 'सावकाश', 'थांब', 'सोड' हे शब्द त्याच्या अंगवळणी पाडावेत, मगच सीटवर बसावे.

गल्लीगल्लीतल्या मोकाट कुत्र्यांचे काय, असे वहिनी मघाशी विचारत होत्या. ती अंगावर आली तर वेग वाढवू नये. पळणाऱ्याच्या मागे लागणे हा त्यांचा स्वभावच. उतरावे, सायकल मध्ये धरावी आणि शांतपणे चालत पुढे जावे. कुणी चावलेच, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. हळद-चुना लावीत बसू नये. आपल्या कुत्र्याची रेबीजची लस तर दरसाल चुकवूच नये.

आता बंदीविषयी. माझे म्हणणे असे, की लहान मुलांच्या हाती हे काम देऊ नये; ओढ सावरण्याचे बळ आणि थांबण्याची समज दोन्ही येईपर्यंत त्यांनी कुत्र्याला पायीच फिरवावे. बाकी ज्यांना हौस आहे त्यांनी रविवारी सकाळी सहाला माझ्याकडे यावे. मी दांडी दाखवीन, बांधून दाखवीन. तो दात पडलेला मुलगाही येणार आहे. त्याच्या आईने परवानगी दिली आहे.

मोत्या आता बारा वर्षांचा आहे. धावणे आम्ही कधीच सोडले. पण सकाळी मी सायकल बाहेर काढली नाही, तर तो दाराशी जाऊन तिच्याकडे बघत उभा राहतो. म्हणून अजून रोज आम्ही तिघे निघतो. मी सायकल हातात धरून चालते, तो डाव्या बाजूने चालतो. कालव्याच्या पुलापाशी पोचलो, की तो खाली बसतो आणि मीही कठड्यावर टेकते. पुरे कुठे म्हणायचे, ते आता तो मला सांगतो.