रंगाआधीचं काम
रामेश्वरमला जोडणारा पांबनचा जुना रेल्वेपूल १९१४ साली सुरू झाला आणि खारं वारं झेलत शतकभर गाड्या वाहत राहिला. २०२५ साली सुरू झालेल्या नव्या पुलाला गंजापासून जपायला पॉलिसिलोक्झेन या टिकाऊ रंगाचा थर दिला आहे.

पण मला रंगाआधीचं काम जास्त मोलाचं वाटतं. जोरदार हवेच्या झोतानं खरखरीत कण मारून पोलाद स्वच्छ करायचं. मिठाचा अंश राहिला, तर रंगाखालीच फोड येतात. मग जस्ताचा प्रायमर. ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजतं, पोलाद वाचतं. त्यावर पाणी अडवणारा इपॉक्सी, वर ऊन सोसणारा थर. कडा, बोल्ट, वेल्डिंगचे सांधे मात्र आधी ब्रशनं रंगवायलाच हवेत. तिथं रंग पातळ बसतो आणि गंज तिथूनच शिरतो.