पित्ताची वाट अडते तेव्हा

‘मला पित्त झालंय’ म्हणताना आपल्याला आंबट ढेकर तरी सांगायचे असतात, नाहीतर अंगावर उठलेल्या गांधी. आजचं पित्त ते नव्हे. यकृतात रोज पाऊण लिटरच्या आसपास तयार होऊन नलिकेतून आतड्यात उतरणारा हा हिरवट-पिवळा रस. त्या नलिकेत खडा अडकला की मागे तुंबलेल्या पित्तात जंतू माजतात. हुडहुडी भरून ताप, उजव्या बरगडीखाली कळ आणि कावीळ, हे त्रिकूट शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८७७ साली नोंदवलं. ही कावीळ चुन्याच्या पाण्याने उतरत नाही. त्यात फक्त दिवस जातात.

रुग्णालयात शिरेतून अँटिबायोटिक सुरू होतं आणि नातेवाईक विचारतात, ‘औषध चालू आहे ना, मग पित्त काढायला आणखी नळी कशाला?’

प्रश्न रास्त आहे. औषध रक्तातून यकृतात येतं, तिथल्या पेशी ते उचलून पित्तात सोडतात. पिपरासिलिन हे अँटिबायोटिक तर निरोगी माणसाच्या पित्तात रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त सापडतं. जेंटामायसिनचा ओढा मात्र मूत्रपिंडाकडे, पित्तात ते कमीच उतरतं. पण ही मापं वाहत्या पित्ताची! नलिकेतला दाब साधारण ३० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका झाला, की यकृताचा जोर संपतो. पित्त पुढे सरकत नाही, आणि त्याच्या सोबतीने जाणारं औषधही मागेच राहतं. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं एखादं थोडंफार झिरपतं, इतकंच. उलट त्याच दाबाने जंतू पित्तातून रक्तात घुसतात. हुडहुडी भरते ती त्यामुळे.

मग शिरेतलं औषध वाया जातं का? मुळीच नाही. रक्तात घुसलेल्या जंतूंना तेच गाठतं, म्हणून ते तासभरही लांबवू नये. फक्त नलिका मोकळी करण्याचं काम त्याच्याकडून होणार नाही. त्यासाठी तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेचं तोंड रुंदावण्याची युक्ती १९७४ मध्ये जर्मनी आणि जपानमध्ये निघाली. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये नलिकेत असा संसर्ग झालेल्या ८२ अत्यवस्थ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पोट उघडून शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी ३२ टक्के दगावले, दुर्बिणीतून निचरा केलेल्यांपैकी १० टक्के.

निचरा झाल्यावरही यकृत लगेच पूर्वपदावर येत नाही. नळीतून पित्त वाहू लागतं, पण औषधाची त्यातली मात्रा सावकाश, काही दिवसांनी वर चढते.